गच्चीवरचा पांढरा कागद

मी मुंबईची हवा तोलायचो. कुणी विचारलं, "घाडी, तुझं काम काय?" तर मी हेच सांगायचो, आणि समोरचा हसायचा. हसू दे. भाजीवाला भाजी तोलतो, सोनार सोनं तोलतो, तसा मी हवा तोलायचो. ज्यांना खोटं वाटायचं त्यांना मी कागद दाखवायचो. मग हसणं बंद.

शाळा माझी चौथीपर्यंत. तीही गावची, कोकणातली. हा अंक काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "घाडीमामा, जसं बोलता तसं लिहा." जसं बोलतो तसं लिहिलं तर त्यांना छापता येणार नाही, म्हणून जरा धुऊन पुसून लिहितोय. तरी कुठे डाग राहिला तर राहू दे.

आधी मी गिरणीत होतो. गिरणी गेली तसा हवेची तपासणी करणाऱ्या एका लॅबोरेटरीत हमाल म्हणून चिकटलो. हमाल हाच शब्द बरोबर आहे. ते यंत्र, ज्याला आम्ही सॅम्पलर म्हणतो, ते एवढं जड की शिकलेली पोरं एकदा उचलून दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकायची. मी ते खांद्यावर घेऊन परळ, दादर, गिरगाव, माझगाव इथल्या किती गच्च्या चढलो, मोजदाद नाही. हळूहळू चालवायलाही शिकलो. साठी उलटली तरी त्यांनी मला सोडलं नाही आणि मीही सोडलं नाही.

यंत्र कसं चालतं ते सांगतो, सोपं आहे. पत्र्याची पेटी, वर घराच्या छपरासारखं छप्पर. आत मोटर. मोटर हवा ओढते. हवेच्या वाटेत एक पांढरा कागद बसवलेला असतो, काचेच्या धाग्यांचा, हाताला जाळीसारखा लागणारा. पण त्याला हात लावायचा नाही, चिमट्यानेच धरायचा, कारण बोटाच्या घामाचंसुद्धा वजन येतं. हवा कागदातून पार जाते, तिच्यातली घाण कागदावर राहते. सकाळी कोरा कागद बसवायचा, दुसऱ्या सकाळी काढायचा. आधीही वजन, नंतरही वजन. फरक आला तो तुमच्या हवेतला माल. संपलं.

आणि लोकांना समजावं म्हणून माझं एक ठरलेलं वाक्य होतं. यंत्र गच्चीवर ठेवलं की चाळीतली माणसं जमायचीच. "काय हो हे? बॉम्ब आहे का?" मग मी सांगायचो, "हे यंत्र तुमच्या-आमच्यासारखा श्वास घेतं. आपण जे छातीत घेतो ते हे कागदावर घेतं. आपली छाती उघडून बघता येत नाही, याची बघता येते." लोकांना पटायचं. मॅडमनासुद्धा हे वाक्य आवडायचं. आमच्या देशमुख मॅडम, लॅबच्या मुख्य. कॉलेजातली पोरं आली की त्या म्हणायच्या, "घाडीमामा, तुमचं ते सांगा ना." मी छाती फुगवून सांगायचो. या वाक्याचं पुढे काय झालं, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलोय.

पहिला धक्का मला पहिल्याच कागदाने दिला होता. परळ नाक्याचा कागद. सकाळी मी माझ्या हाताने चिमट्यात धरून बसवलेला, शुभ्र. दुसऱ्या दिवशी छप्पर उघडलं तर आत तव्याच्या बुडासारखा काळा. मला वाटलं कुणीतरी मस्करी केली, कागद बदलला. मी वॉचमनशी भांडलो. नंतर मॅडमच्या आधीचे साहेब होते, ते म्हणाले, "घाडी, कुणी बदलला नाही. हाच." मी त्या नाक्यावर उभा राहून वर्षानुवर्षं चहा प्यायलो होतो. त्या दिवशी घरी जाऊन मी नाक शिंकरलं आणि रुमालाकडे बघत बसलो. बायको म्हणाली, "काय शोधताय त्यात?"

मग सवय झाली. पण माणसांची सवय कधी झाली नाही. माणसं रोज नव्याने चक्रावून टाकतात. दादरला एका बिल्डिंगच्या गच्चीवर एक निवृत्त गृहस्थ रोज पहाटे यंत्राला चिकटून प्राणायाम करायचे. त्यांना वाटायचं, यंत्र हवा साफ करून बाहेर सोडतं. यंत्र न्यायला गेलो तर म्हणाले, "अजून चार दिवस राहू दे हो, कफ सुटतोय." मी म्हटलं, "काका, हे झाडू नाही, तराजू आहे." त्यांना राग आला. म्हणाले, "तुम्हाला काय कळतं? मला फरक पडलाय!" गिरगावात खंडेनवमीला बिल्डिंगवाल्यांनी यंत्राला झेंडूची माळ घातली, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून समोर धूप पेटवून ठेवला. यंत्राने सगळा धूप गिळला. लॅबमध्ये मॅडमनी पाकीट उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "घाडीमामा, कुठल्या देवळातनं आणलात?" तो कागद बाद.

माझगावच्या बाजूला एक कारखानदार होता. यंत्र आलं रे आलं की याचं धुराडं आजारी पडायचं. बॉयलर दुरुस्तीला. यंत्र गेलं की धुराडं ठणठणीत. ही जात मला माहीत होती. जिथे यंत्र जातं तिथे कुणीतरी हवा सावरून बसतं, फोटोला बसावं तसं. त्यामुळे कागद अपेक्षेपेक्षा पांढरा निघाला की माझा पहिला संशय समोरच्या पार्टीवर. हा माझा अनुभव आणि हाच माझा घमेंडीचा विषय. मला कुणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो.

आता लालबागची गोष्ट.

लालबागला एक जुनी चाळ. तिच्या मागे पूर्वी गिरणीचं गोदाम होतं, ते पाडून तिथे टॉवर उभा राहत होता. पाडकाम, खोदकाम, दगड फोडायचं मशीन, सिमेंट कालवायचा प्लँट, सगळं चाळीच्या मागच्या गॅलरीपासून हाताच्या अंतरावर. ट्रक उघडे. पाणी मारायचा नियम आहे, पडदे लावायचा नियम आहे, नियम सगळे आहेत. चाळीचे सेक्रेटरी रेगे म्हणून होते, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट घालून कचऱ्याचा डबासुद्धा खाली नेणारे. त्यांनी अर्जावर अर्ज केले. शेवटी वरून हुकूम झाला की तीन दिवस हवा मोजा. ठरलेल्या मापाच्या वर निघाली तर काम थांबवू, बिल्डरला झाकायला लावू. मापात निघाली तर तक्रार निकालात. पुन्हा त्याच कारणाने अर्ज चालणार नाही.

म्हणजे चाळीचा सगळा भरवसा आमच्या यंत्रावर. आणि सगळ्यात जास्त भरवसा कुसुमताईंचा.

कुसुमताई परब. गच्चीच्या जिन्याला लागून शेवटची खोली त्यांची. नवरा गिरणीत होता, वारला. मुलगी लग्न होऊन लांब. एकट्या राहायच्या आणि दम्याने बेजार होत्या. माहेर आमच्याच बाजूचं, त्यामुळे बोलायच्या मालवणीत. पहिल्या दिवशी मी यंत्र घेऊन धापा टाकत वर आलो, तेव्हा त्या दाराला लावलेला ओला पडदा बाजूला करून बाहेर आल्या. "घाडीभाऊ, बसा आधी. तुमका तर माझ्यापेक्षा जास्त दम लागलो." मी म्हटलं, "मला ओझ्याने लागलाय. तुम्हाला कशाने?" त्यांनी मागच्या बाजूला बोट केलं. "त्या मेल्याच्या टॉवरान."

बोलताना मधेच थांबायच्या, भिंतीला हात लावायच्या, श्वास सापडला की पुढचं वाक्य. पण वाक्य सोडायच्या नाहीत.

मी यंत्र मांडलं. चाळ जमली. रेगे म्हणाले, "घाडी, जरा समजावून सांगा सगळ्यांना." मी माझं ते सांगितलं. तुमच्या-आमच्यासारखं श्वास घेतं. कुसुमताई जिन्यावर बसून ऐकत होत्या. मोटर सुरू केली तशी त्या यंत्राच्या छपराखाली कान देऊन म्हणाल्या, "खरांच गो. घेता श्वास."

मग मी नेहमीच्या सूचना दिल्या. गच्ची झाडू नका, धूळ उडते. इथे कपडे वाळत घालू नका. पोरांना पतंग उडवायला सोडू नका. यंत्राला कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी मी येऊन कागद बदलणार, तोवर लक्ष असू द्या. कुसुमताई म्हणाल्या, "काळजी नको. माझ्या दारातला पाहुणो तो. मी बघतंय."

दुसऱ्या सकाळी गेलो. गच्ची धुतलेली. कोपऱ्यात रांगोळी. चहा तयार. मी मनात म्हटलं, पाण्याने धुतली, झाडली नाही, ठीक आहे. छप्पर उघडलं.

कागद पांढरा.

अगदी कोरा नाही, जरा मळकट, जुन्या सदऱ्याच्या कॉलरइतका. पण लालबागमध्ये, त्या खड्ड्याच्या काठावर, हा रंग? पहिल्यांदा वाटलं रात्री वीज गेली असेल. वीज गेली नव्हती, यंत्रातला तास मोजणारा काटा सांगत होता. मग वाटलं रबर सुटलं, हवा बाजूने निसटतेय. रबर ठीक. मग माझा हुकमी संशय. गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघितलं. साइटवर दगड फोडायचं मशीन तोंड वासून चालू. उघडे ट्रक. धुळीचा लोट एवढा की पलीकडची भिंत दिसेना. सुपरवायझर खालून ओरडला, "क्या मामा, हो गया क्या आपका?" बिनधास्त. लपवाछपवी करणाऱ्याचा आवाज असा नसतो.

मी कागद पाकिटात घातला, नवा बसवला. रेगे जिन्यात गाठून म्हणाले, "काय घाडी, कसं काय?" मी म्हटलं, "वजन झाल्याशिवाय बोलत नाही." मी कधीच बोलत नाही. पण रेगेंनी माझं तोंड वाचलं असावं, कारण त्यांचंही उतरलं.

लॅबमध्ये मॅडमनी स्वतः वजन केलं. म्हणाल्या, "मापात आहे." मी म्हटलं, "मॅडम, शक्य नाही. माझे डोळे बघून आलेत." त्या म्हणाल्या, "डोळ्यांना एकक नसतं, घाडीमामा." मला त्यांचा राग आला. मी दुसरी मोटर काढून पिशवीत घातली, सकाळी बसवायला. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. गच्ची ओली, रांगोळी, चहा, पांढरा कागद. माझ्या सगळ्या नोकरीत यंत्राने मला दगा दिला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण म्हातारे झालो, आपल्याला काहीतरी दिसत नाहीये. उद्या शेवटचा कागद, की तक्रार निकालात.

त्या शेवटच्या सकाळी जिना चढून वर गेलो. कुसुमताई जिन्यावर नव्हत्या. त्यांच्या खोलीचं दार उघडं, आत कुणी नाही. चहा नाही. रांगोळी नाही. गच्चीचं दार ढकललं आणि तिथेच उभा राहिलो.

गच्चीवर गणपतीचं मखर उभं होतं. चार बाजूला चार बांबू, त्यांना दोऱ्या, तीन बाजूंना जुनी लुगडी, साइटच्या बाजूला एक जाड फुलाफुलांची चादर, वर छताला एक साडी. आणि मध्ये, देव बसावा तसं, माझं यंत्र. घरघर श्वास घेत बसलेलं.

जवळ गेलो. खाली पाण्याची बादली, तांब्या. लुगड्यांना हात लावला, अजून दमट होती. विजेच्या यंत्राभोवती ओले कपडे! कुणाला करंट लागून जागच्या जागी खलास झालं असतं! मी आधी धावत जाऊन खटका बंद केला.

तेवढ्यात शेजारच्या मंदावहिनी धावत वर आल्या, पदर सावरत. "अय्या, तुम्ही आलात पण! अहो, आज काढायचं राहिलं बघा. पहाटे कुसुमताईंना लय धाप लागली, ओठ निळे पडले. पोरांनी उचलून परळच्या हॉस्पिटलात नेलंय. त्या गडबडीत विसरलोच."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हे होय? कुसुमताईंची आयडिया." वहिनींच्या चेहऱ्यावर कौतुक. "यंत्राला धूळ नको लागायला म्हणून. ओल्या कपड्याला धूळ चिकटते ना, आत जात नाही. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. दर थोड्या वेळाने पाणी शिंपडायचं. रात्रीसुद्धा."

"मी सांगितलं होतं इथे कपडे वाळत घालायचे नाहीत!"

"वाळत कुठे घातले?" वहिनी चकित होऊन म्हणाल्या. "वाळू नयेत म्हणून तर पाणी मारत होतो!"

"मग मी यायच्या आधी काढून का ठेवत होता?"

"तुम्ही आरडाओरडा केला असता म्हणून. आता करताय तसाच."

मी मटकन खाली बसलो. मुंबईतले एक एक बिलंदर मी बघितले होते. धुराडी बंद करणारे, पंखे लावणारे, यंत्राची वायर उपटणारे. सगळ्यांना हवा चांगली दाखवायची होती, त्यात त्यांचा फायदा होता. पण ज्यांचा जीव कागद काळा निघण्यावर अवलंबून होता, त्यांनीच तो रात्र रात्र जागून पांढरा ठेवला होता. का? तर दारात पाहुणा आलाय, त्याला आपल्या घरची घाण लागू नये.

उठलो आणि ती फुलाफुलांची चादर उलटी करून बघितली. आतल्या बाजूला फुलं दिसत होती. बाहेरच्या बाजूला फुलं नव्हतीच. राखाडी सिमेंटचा लेप. सुकलेल्या कडेला हात लावला तर पापडासारखी कडक, मोडली असती. जे माझ्या कागदावर यायला हवं होतं ते सगळं त्या चादरीवर आलं होतं.

मी शेवटचा कागद काढला, तोही पांढरा, पाकिटात घातला, चादर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघालो. आधी हॉस्पिटलात गेलो. कुसुमताई जनरल वॉर्डात, तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. मी उभा राहिलो तशी डोळे उघडले. मास्क बाजूला करून पहिला प्रश्न काय विचारावा?

"घाडीभाऊ, कागद पांढरो रवलो मां?"

मी आयुष्यात कागदाबद्दल खोटं बोललेलो नाही. तिथेही बोललो नाही. म्हटलं, "हो. पांढरा राहिला."

त्या हसल्या. "मगे झाला. आपण जिंकलो." आणि मास्क लावून घेतला.

नर्स म्हणाली, "काका, बाहेर बसा." मी बाहेर बाकावर बसलो. ती चादर मांडीवर घेऊन.

लॅबमध्ये गेलो तो सरळ मॅडमच्या टेबलावर चादर पसरली. कागद, पेन, मोबाइल, सगळ्यांवर. धूळ उडाली. मॅडम खोकल्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "हा घ्या तुमचा रिझल्ट. हीच तोला."

मॅडमनी चादरीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "मामा, चादर तोलून काही होणार नाही. किती हवा त्यातून गेली ते माहीत नाही. उद्या बिल्डरचा वकील मला फाडून खाईल."

"म्हणजे ती बाई फुकट मरायची?"

"ओरडू नका. ऐकून घ्या." त्यांनी फाइल ओढली. "यंत्राच्या भोवती अडथळा होता. अडथळा असला की नमुना नियमात बसत नाही. तिन्ही कागद बाद. तक्रार निकालात निघत नाही, मोजणी पुन्हा होते. तुम्ही फक्त जे बघितलंत ते तसंच लिहून द्या."

मला हे सुचलं नव्हतं. मी चादर नाचवत बसलो असतो. हे कबूल करायला मला जड जातं, पण मॅडम मॅडम होत्या. मी माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहून दिलं.

दुसऱ्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सगळ्यांना बोलावलं. बायका दारात, पुरुष कठड्याला. मी म्हटलं, "यावेळी गच्चीवर कुणीही जायचं नाही. पाणी नाही, रांगोळी नाही, काही नाही. जशी आहे तशी राहू द्या."

एक आजी म्हणाली, "म्हणजे पाहुण्यासमोर घाण ठेवायची?"

"हो."

"अहो, चार लोकं काय म्हणतील? लालबागवाले घाणेरडे आहेत?"

"म्हणू दे! तेच म्हणायला हवंय! कागद काळा निघाला तर तुम्ही जिंकणार, पांढरा निघाला तर तो टॉवरवाला जिंकणार. एवढं साधं आहे!"

मंदावहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे आम्ही त्यालाच जिंकवत होतो?" रेगे कठड्याला टेकून उभे होते, ते हळूच म्हणाले, "घाडी, हे पहिल्या दिवशीच असं सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "रेगे, कागद काळा निघणं चांगलं की वाईट, हे लालबागच्या माणसाला सांगावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

दुसऱ्या फेरीत गच्ची धुळीने माखलेली राहिली. यंत्र एकटं उघड्यावर. पहिल्या सकाळी छप्पर उघडलं आणि, काय सांगू, इतकी वर्षं काळे कागद बघितलेला मी, तरी असा कागद बघितला नव्हता. वरती सिमेंटची राख, खाली काजळी, दोन्हींचा मिळून एक थर. कागदाची कडा जिथे दाबली जाते तेवढीच पांढरी चौकट उरलेली. मंदावहिनी मागून वाकून बघत होत्या. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जिंकलो होतो, पण कसं, ते कागदावर दिसत होतं.

मापाच्या कितीतरी वर. काम थांबलं. मग हिरवे पडदे चढले, ट्रकवर ताडपत्री आली, दगडाचं मशीन हललं, पाण्याचा टँकर फिरू लागला. हे किती दिवस टिकलं ते विचारू नका. पण चाळीने एक थंडी जरा बरी काढली, एवढं मी बघितलंय.

कुसुमताई हॉस्पिटलातून घरी आल्या त्या नाकात नळी घेऊन. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, तेही घरघर करणारं. मी भेटायला गेलो. बायकोने ती चादर भिजवून, आपटून, पुन्हा भिजवून धुतली होती. पाणी सुरुवातीला गटारासारखं निघालं म्हणे. फुलं परत आली होती, जरा फिकी. मी चादर त्यांच्या हातात दिली.

त्या खूश नव्हत्या. चादर मांडीवर घेऊन म्हणाल्या, "रेग्यांनी सांगल्यानी. कागद काळो झालो." आणि मान खाली घातली. "मी हय नव्हतंय मां. मी असतंय तर नसतो झालो."

मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं. काळा हवा होता, पांढरा नको होता. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. पटलं की नाही, कुणास ठाऊक. मग म्हणाल्या, "बरा. ती चादर तेवढी लावन देवा. माका हात वर करूक होणा नाय."

"कुठे लावू?"

"दाराक. खय म्हंजे? तिची जागा ती."

मी दाराकडे बघितलं. चौकटीच्या वर दोन खिळे. दाराच्या फळ्या धुळीने करड्या झालेल्या, आणि मधोमध एक भलामोठा स्वच्छ चौकोन, जिथे इतके महिने काहीतरी लटकत होतं. पहिल्या दिवशी त्या जो ओला पडदा बाजूला करून बाहेर आल्या होत्या, तो पडदा.

"कुसुमताई, ही तुमच्या दाराची चादर? ही तुम्ही यंत्राला दिलीत?"

"होय. बाकीची लुगडी पातळ, धूळ आत येय होती. ही जाड."

"आणि ते तीन दिवस तुमच्या दाराला काय होतं?"

"दार लोटून बसलंय. तीन दिवसांचा तां काय!" लोटलं तरी त्या दाराला बोटभर फट राहत होती. तिच्यातून मला पलीकडचा टॉवर दिसत होता.

"पण का? कशासाठी?" मी ओरडलोच. आजारी बाईच्या अंगावर ओरडलो. "लोखंडाचं यंत्र ते!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मीच काहीतरी विसरलोय अशा नजरेने. श्वास गोळा केला. म्हणाल्या, "तुमीच सांगलास मां, ता आमच्यासारखा श्वास घेता म्हणान. मगे तेका दम लागलो असतो."

मी चादर बादलीत बुडवली, पिळली नाही, तशीच ठिबकती दोन खिळ्यांना लावली. कडा चौकटीला नीट खोचल्या. त्यानंतर मी काही काळ नोकरी केली, बऱ्याच गच्च्या चढलो. लोक जमायचे, विचारायचे, "काय हो हे?" मॅडमसुद्धा म्हणायच्या, "मामा, तुमचं ते सांगा ना."

मी सांगायचो, "तराजू आहे. लोखंडाचा. त्याला काही होत नाही."